बीमखालची तार

पेडणेकरांकडे दुरुस्तीला गिटार नेली की ते ती वाजवून बघत नसत. पेटीतून काढून तिचं डोकं आपल्या डोळ्यापाशी धरत, दुसरा डोळा मिटत आणि मानेवरून पार शेवटपर्यंत नजर टाकत. मिनिटभर तसंच. मग हळूच गिटारीलाच विचारत, "काय झालां गो तुका? खंय दुखता?" गिऱ्हाईक समोर उभं असायचं, पण प्रश्न त्याला नसायचा.

मी पहिल्यांदा गेले ती मामाची गिटार घेऊन. मामा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. जुनी, जपानी बनावटीची इलेक्ट्रिक गिटार, लाल रंग उडून मधूनमधून लाकूड दिसायला लागलेलं. मामा वारल्यावर मामीने ती मला दिली. मी मुलुंडच्या एका शाळेत शिकवते. चाळिशी उलटल्यावर गिटार शिकायचं खूळ डोक्यात घेतलं होतं, आणि या गिटारीच्या तारा इतक्या उंच होत्या की दाबताना बोटं कापली जायची. एका दुकानदाराने सांगून टाकलं, बाई, ही भिंतीवर टांगा आणि नवी घ्या. माझ्या क्लासच्या सरांनी मात्र साकीनाक्याचा पत्ता दिला.

गल्लीच्या टोकाला एक जुनी इंडस्ट्रियल इस्टेट होती. तळमजल्यावर टेम्पो उभे राहायचे. पहिल्या मजल्यावर शिलाईचं युनिट, तिथे पंचवीसेक बायका काम करायच्या. दुसऱ्या मजल्यावर पेडणेकरांचा गाळा. त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, कागदाचं गोडाऊन. मजले असे मोजून सांगतेय कारण पुढे सगळा प्रश्न त्यांचाच झाला.

पेडणेकर साठीचे. बारीक, उंच, खिशात कायम स्टीलची सहा इंची पट्टी. पेटी उघडताच त्यांनी तारेला अंगठा लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"ढिल्या कोणी केल्या?"

"मीच. मान वाकू नये म्हणून."

"मग मी काय बघणार, टीचर? ढिल्या तारेत सगळ्या माना सरळ दिसतात. ताण आला की काय होतं, ते बघायचं असतं."

त्यांनी तारा सुरात लावल्या. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी पहिल्या पट्टीवर एक चाप बसवला, शेवटच्या पट्टीवर बोटाने तार दाबली आणि मला वाकून बघायला सांगितलं. मधोमध, आठव्या पट्टीच्या आसपास, तार आणि पट्टी यांच्यामध्ये फट दिसत होती. तिथे जाड कागदाएवढी फट असावी, म्हणाले. माझ्या गिटारीत नाणं सरकलं असतं.

"सहा तारा मिळून चाळीसेक किलोचा ताण देतात. मान पुढे वाकणारच. म्हणून मानेच्या आत पोलादी सळी असते, ती मागे ओढते. दोघांचं भांडण कायम चालू. आपण मध्ये बसून कोणी जिंकणार नाही एवढं बघायचं."

सळीचं नट गंजलं होतं. त्यावर तेलाचा थेंब सोडून ते दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी पान्याने पाव फेरा दिला आणि गिटार खुंटीला लावली. मी विचारलं, अजून थोडं फिरवलं तर आजच होणार नाही का? त्यांनी मानच हलवली. पाव फेरा, मग थांबायचं. लाकडाला ताण कळायला वेळ लागतो. दहा दिवसांनी त्यांनी तारा ज्या टेकूंवर बसतात ते बारक्या चावीने खाली घेतले आणि गिटार माझ्या हातात दिली. बोट नुसतं ठेवलं तरी सूर उमटत होता. ती वाजवताना मामाच्या बोटांना चिकटपट्ट्या का बांधलेल्या असायच्या, ते मला त्या दिवशी कळलं. कोणी तिच्याकडे असं बघितलंच नव्हतं.

त्यानंतर मी अधूनमधून जायला लागले. कधी कारण असायचं, कधी नसायचं. शनिवारी शाळा लवकर सुटायची आणि त्यांच्याकडे बसायला बरं वाटायचं. त्यांचे वडील कुडाळकडचे, मुंबईत गिरणीत होते. पेडणेकर स्वतः कुर्ल्याच्या एका कारखान्यात फिटर होते. पोलादाच्या पातळ पात्यांनी फटी मोजण्यात वीस वर्षं घालवली. कारखाना बंद पडला तेव्हा शेजारच्या एका वादकाची गिटार त्याच पात्यांनी सारखी केली, आणि तेच काम मागे लागलं. त्यांना स्वतःला एक गाणं धड वाजवता येत नव्हतं. पण वाजवणारे लांबून त्यांच्याकडे यायचे.

ते फार बोलायचे नाहीत. फक्त एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. कित्येक वर्षांपूर्वी एक वादक संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी दुपारी त्यांच्याकडे धावत आला. गिटार त्याच्या वडिलांची, मान वाकलेली. पेडणेकरांनी पाव फेरा दिला. तो म्हणाला, अजून द्या. त्यांचा हात सांगत होता की नको. तरी त्यांनी दिला. आणि मानेच्या आत टिक झालं. एकदाच, हळू. नखावर नख घासावं तेवढंच. ते थांबले, पण तो माणूस घाई करत बोलत होता, म्हणून त्यांनी आणखी थोडं फिरवलं. सळी तुटली.

"टिक आधी झाली होती," ते म्हणाले. "तुटण्याआधी आवाज येतोच, टीचर. फक्त तेव्हा कोणीतरी बोलत असतं."

तेव्हापासून पाना हातात असला की ते कोणाला बोलू द्यायचे नाहीत. मी बोलायला लागले की तळहात वर करायचे.

कागदाच्या गोडाऊनमध्ये रामदुलार नावाचा हमाल होता. पन्नाशीचा, जौनपूरकडचा. खालून तिसऱ्या मजल्यापर्यंत पाठीवर गठ्ठे न्यायचा, आणि उतरताना पेडणेकरांच्या दारात पाणी प्यायला थांबायचा. उंबऱ्यावर बसून तारा लावताना ऐकायचा. भिंतीवरच्या गिटारी त्याला ओळखीच्या झाल्या होत्या. "वो पीली वाली गई क्या, पेडणेकर भाई?" असं विचारायचा. पेडणेकर त्याच्याशी मराठी-हिंदीची खिचडी करून बोलायचे. एकदा मी त्यांना रामदुलारच्या पाठीला तेल चोळताना बघितलं. मी दारातूनच परत फिरले.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी गेले तर पेडणेकर स्टुलावर उभे होते आणि डोळा मिटून छताच्या बीमकडे बघत होते. माझ्या येण्याची दखलही त्यांनी घेतली नाही. खाली उतरले तेव्हा म्हणाले, "वाकलाय."

मला काहीच दिसलं नाही. बीमच्या बाजूला केसाएवढा तडा होता, तोही त्यांनी बोट लावून दाखवला तेव्हा कळला. मुंबईतल्या कुठल्या जुन्या इमारतीत तडा नसतो? मी तसं म्हटलंही.

"तड्याचं नाही म्हणत मी. बीमच वाकलाय. माझं दार परवापासून घासतंय बघा."

दार खरंच घासत होतं. वर नवा माल आला होता. शाळा-कॉलेजच्या हंगामामुळे गोडाऊनवाल्याने कागद भरून ठेवला होता, अगदी छतापर्यंत, असं रामदुलार सांगत होता.

पुढच्या शनिवारी त्यांच्या छताखाली तार होती. पहिल्या तारेसाठी ते बारीक पोलादी तारेचं रीळ आणायचे, त्यातलीच. बीमच्या खालून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोन टोकांना हाडाचे दोन सारखे तुकडे टेकवून खेचून बांधलेली. तार सरळ, म्हणून बीम किती सरळ हे कळणार. टोकांना पाच मिलिमीटरची फट होती. मधोमध साडेचार. त्यांनी फडताळाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख टाकून आकडा लिहिला. महिन्याअखेर तिथे सात-आठ आकडे झाले होते, एकाखाली एक उतरत गेलेले.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही सांगितलं का कोणाला?"

"सगळ्यांना."

आणि खरंच सगळ्यांना सांगितलं होतं. गोडाऊनचा मॅनेजर हसला होता. म्हणाला, काका, तुम्ही गिटारी बघा, बिल्डिंग बघायला बिल्डिंगवाले आहेत. इस्टेटच्या सेक्रेटरीने अर्ज घेतला, त्यावर सही-शिक्का दिला आणि पावसाळ्यानंतर बघू म्हणाला. रामदुलारला मात्र पटलं होतं. पेडणेकरांनी त्याला सांगितलं, गठ्ठे मधोमध रचू नका, भिंतीकडे रचा. त्याने एका सकाळी वीस-पंचवीस गठ्ठे हलवलेसुद्धा. मॅनेजरने येऊन ते परत मूळ जागी लावायला लावले, कारण भिंतीकडे ओल होती आणि कागद खराब झाला असता.

ऑगस्टमध्ये पेडणेकर चार दिवस गावी गेले. परत आले तर बीमला नवा गिलावा, वर पांढरा रंग. सेक्रेटरीने गवंडी पाठवला होता. वॉचमनकडच्या चावीने गाळा उघडून त्याने काम केलं आणि मध्ये येते म्हणून तार काढून कचऱ्यात टाकली.

मी त्यानंतर गेले तेव्हा त्यांनी नवी तार लावली होती. पण त्यांचा चेहरा मला आवडला नाही. रात्रभर झोप नसलेल्या माणसासारखा.

"पुन्हा पाचपासून सुरू केलं," ते म्हणाले. "गिलाव्याने खालची बाजू सपाट करून टाकलीय. आधी किती वाकला होता, त्यानंतर किती वाकला, काही कळायला मार्ग नाही. शून्य कुठे होतं ते आता मलाच माहीत नाही."

"तुम्ही जागा सोडा ना, काका. दुसरीकडे बघा."

"मी गेलो तर तार कोण बघेल?"

हे त्यांनी साध्या आवाजात म्हटलं. मग खाली बोट केलं. खालून मशिनींची घरघर येत होती. त्या बायकांची सुपरवायझर सुनंदा. खारदांड्याची कोळीण, मोठ्या आवाजाची, हुशार. तिच्या युनिटमधली एक मशीन सारखी हलायची, पेडणेकरांनी तिच्या पायाखाली पातळ पत्रे घालून ती स्थिर करून दिली होती. तेव्हापासून सुनंदा त्यांना काका म्हणायची आणि कधी डब्यातून बोंबलाचं कालवण वर पाठवायची. पेडणेकरांनी तिलाही सांगितलं होतं. ती म्हणाली होती, काका, मी शेठला सांगते, पण शेठ काय बोलेल मला माहिते. आणि शेठ तेच बोलला, भाडं भरलंय, काम चालू ठेवा.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. पाऊस थांबून ऊन तापलं होतं. माझी गिटार पुन्हा त्यांच्याकडे होती, पावसाच्या ओलीने तिची मान जराशी हलली होती. अडीचच्या सुमारास मी वर पोचले. पेडणेकर फडक्याने बाक पुसत होते.

"सकाळपासून तिसऱ्यांदा पुसतोय," ते म्हणाले. फडक्यावर बारीक पांढरी पूड होती.

मी बसले आणि शाळेतलं काहीतरी सांगायला लागले. काय ते आता आठवत नाही. ते स्टुलावर चढले, पातं हातात होतं, पण ते त्यांनी फटीत सरकवलं नाही. बोटाने तार छेडली. खर्रर्र असा आवाज आला. त्यांनी पुन्हा छेडली. पुन्हा तसाच. तार बीमला लागत होती.

मी बोलतच होते. त्यांनी तळहात वर केला.

मी गप्प झाले. पंखा फिरत होता. खाली मशिनी चालू होत्या. मग वरून, बीमच्या आतून कुठून तरी, टिक असा आवाज आला.

पेडणेकर उतरले. सोल्डरिंग आयर्नचा प्लग काढला, चष्मा खिशात ठेवला. "चला," म्हणाले.

"माझी गिटार घेऊ?"

"राहू दे."

जिन्यात ते मला म्हणाले, "तुम्ही सुनंदाकडे जा. मी वर बघून येतो." आणि दोन-दोन पायऱ्या चढत गेले. मी पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत ते माझ्यामागे आले होते. "शटरला कुलूप आहे. मॅनेजर माल घेऊन गेला असणार. कोणी नाही वर."

शिलाईच्या युनिटमध्ये सुनंदा दाराशीच कपडे मोजत उभी होती.

"सुनंदा, सगळ्यांना घेऊन बाहेर चल. आत्ता."

"काका, आज माल जायचाय. पाच वाजता गाडी येतेय. सोमवारी बघू ना."

"मी तुला कधी घाई करायला सांगितलीय?"

"नाही."

"आज सांगतोय."

तिने हातातले कपडे खाली ठेवले. मग वळली आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. पंचवीस मशिनी एकदम थांबल्या. त्या शांततेत वरून आवाज आला, एक, मग लगेच दुसरा, आणि तो तिथल्या प्रत्येक बाईने ऐकला. काही सांगावं लागलं नाही. पर्स, डबे, कोणी चपला हातात घेऊन, सगळ्या जिन्याकडे निघाल्या. सुनंदा दारात उभी राहून प्रत्येकीच्या पाठीला हात लावत होती. तळमजल्यावरच्या टेम्पोवाल्यालाही पेडणेकरांनी बाहेर काढलं.

समोर, गल्लीच्या पलीकडे, चहाची टपरी होती. आम्ही तिथे जमलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. इमारत होती तशी उभी. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, एक-दोघी हसायला लागल्या. सुनंदाच्या फोनवर शेठ ओरडत होता, ते आम्हालाही ऐकू येत होतं. ती म्हणाली, "हो शेठ, मीच बंद केलं. माझी जबाबदारी." एक मुलगी म्हणाली, माझा मोबाईल चार्जिंगला राहिला, पटकन आणते. पेडणेकर जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ते बाजूला झाले नाहीत. ती परत आली.

मला आठवतं, त्या क्षणी मला त्यांची कीव आली. वाटलं, काही झालं नाही तर हा माणूस उद्यापासून इथे तोंड कसं दाखवेल.

मग मागच्या बाजूने जड काहीतरी घसरल्यासारखा आवाज आला. पेडणेकर धावत गल्ली ओलांडून आले. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीची चौकट तिरकी झाली, काच फुटली आणि मधला भाग आत बसला. तिसरा मजला दुसऱ्यावर, दुसरा पहिल्यावर. फार वेळ लागला नाही. धुळीने गल्ली भरली, आणि त्या धुळीतून कोरे पांढरे कागद बराच वेळ खाली येत होते.

सुनंदाने बायका मोजल्या. नावं घेऊन मोजल्या, मग परत मोजल्या. सगळ्या होत्या. तेव्हा कुठे त्या रडायला लागल्या. एका म्हाताऱ्या बाईने पेडणेकरांचे पाय धरले. ते मागे सरकले. टपरीवाल्याने त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "रामदुलार किधर है?"

मग त्याने स्वतःच ढिगाऱ्याकडे बघितलं.

"वो तो दोपहर को ऊपर ही सोता है. मॅनेजर बाहर जाता है तो बाहर से ताला लगाके जाता है. चोरी के डर से."

पेडणेकरांनी ग्लास खाली ठेवला. टपरीच्या फळीवर, अगदी नीट. "मी कुलूप बघितलं," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोणास ठाऊक. "कुलूप बघितलं नि खाली आलो."

अग्निशमन दलाची माणसं अंधार पडल्यावरही काम करत होती. रामदुलार दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला.

मॅनेजरला आणि सेक्रेटरीला पोलिसांनी नेलं. केस अजून चालू आहे. पेडणेकरांनी जबाबात सगळं सांगितलं, तारीखवार, आठवत होते तेवढे आकडे. शेवटी त्यांनी कुलपाचंही सांगितलं. लिहून घेणारा हवालदार म्हणाला, त्याची गरज नाही, काका. ते म्हणाले, लिहा.

जौनपूरहून रामदुलारचा भाऊ आला. त्याच्याबरोबर हॉस्पिटलच्या शवागाराबाहेरच्या बाकावर पेडणेकर दीड दिवस बसले होते. मी डबा घेऊन गेले तेव्हा ते त्याला सांगत होते, मैं ऊपर गया था. ताला देखा. आवाज नहीं दिया. दरवाजा नहीं ठोका.  तो भाऊ म्हणाला, "आप तो ऊपर गए, भाईसाहब. और कोई तो गया भी नहीं." त्याने ते समजूत काढायला म्हटलं असणार. पेडणेकरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

नोव्हेंबरमध्ये बायकांनी त्यांचा सत्कार ठेवला. सुनंदाने हॉल बघितला, शाल, श्रीफळ, पेढे, सगळं. पेडणेकर आलेच नाहीत. सुनंदा रागावून त्यांच्या घरी गेली. नंतर मला फोनवर म्हणाली, "मॅडम, मी त्यांना म्हटलं, पंचवीस घरांत तुमच्यामुळे दिवा लागतोय, ते नाही का दिसत तुम्हाला? तर म्हणाले, दिसतं गं. मोजता येतं ते सगळं दिसतं मला."  

मला वाटलं, ते आता काम सोडतील. पण फेब्रुवारीत कळलं की घाटकोपरला एका इस्टेटमध्ये तळमजल्यावर त्यांनी छोटा गाळा घेतलाय. मामाची गिटार गेलीच होती. मी शाळेसाठी घेतलेली एक जुनी गिटार निमित्ताला उचलली आणि शनिवारी तिथे गेले.

गाळा उघडा होता. बाकावर एक गिटार, मानेवर चाप बसवलेला, पाना नटात तसाच. म्हणजे काम अर्ध्यावर सोडून उठले होते. पेडणेकर मात्र नव्हते. शेजारच्या पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाने वर बोट दाखवलं.

"रोज याच वेळेला जातात. तुम्ही बसा, वेळ लागेल. सगळे मजले करतात."

"काय करतात?"

"विचारतात, कोण आहे का." त्याने खांदे उडवले. "सगळ्यांची नावं पाठ आहेत त्यांना. आधी लोक वैतागायचे. आता देतात आवाज."

मी जिन्याने वर गेले. पहिल्या मजल्यावर आणि दुसऱ्यावरही लोक कामाला होते, कोणी माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मला ते दिसले. लांब व्हरांडा, शेवटचा गाळा. शटर खाली, दोन्ही बाजूंना कुलपं, पत्र्यावर धूळ बसलेली. तो गाळा कित्येक महिने बंद असावा.

पेडणेकरांनी मुठीने शटर ठोकलं. तीनदा. मग पत्र्याला कान लावला.

मी हाक मारणार होते. पण त्यांनी न बघताच तळहात वर केला, म्हणून मी तिथेच थांबले. खालून टेम्पोचा हॉर्न वाजला, तो बंद व्हायची त्यांनी वाट बघितली. मग पुन्हा ठोकलं.

"कोण आहे का आत?" त्यांनी विचारलं, आणि डोळे मिटून उत्तराची वाट बघत उभे राहिले.

मी किती वेळ तिथे होते ते सांगता येत नाही. मी निघाले तेव्हाही ते तसेच उभे होते.